फोनचा अँटेना असतो कुठे? रेंज येण्या-जाण्यामागचं गणित

बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथा घाटात कॉल कट झालाय कधी? किंवा लोणारच्या विवरात उतरताना मित्राच्या फोनला दोन काड्या आणि तुमच्या फोनला एकही नाही, असं झालंय? डोंगर आड आला की रेंज कमी होणारच. पण सिम एकाच कंपनीचं, जागा एकच, तरी फरक का? बऱ्याचदा उत्तर फोनच्या अँटेनात असतं.

अँटेना गेला कुठे?

जुन्या फोनला वर दांडी असायची. आता मेटल फ्रेमवर प्लास्टिकच्या बारीक रेषा दिसतात ना, त्या नुसत्या शोभेसाठी नाहीत. त्या फ्रेमचे वेगवेगळे तुकडे करतात आणि त्यातले काही तुकडेच अँटेना असतात. ४जी फोनमध्ये सहसा एक अँटेना खाली आणि एक वर असतो.

लांबीचा खेळ

साधा अँटेना लहरीच्या लांबीच्या साधारण पाव भाग लागतो:

- ९०० मेगाहर्ट्झ : सुमारे ८ सेंटीमीटर
- १८०० मेगाहर्ट्झ : सुमारे ४ सेंटीमीटर
- ३५०० मेगाहर्ट्झ (५जी) : सुमारे २ सेंटीमीटर

कमी फ्रिक्वेन्सी लांब पोहोचते, टेकडीआडही थोडी वळते. खेड्यात तीच कामाची. पण तिला अँटेना मोठा लागतो आणि फोनमध्ये जागा कमी. ही तडजोड प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने करते, म्हणून फोन-फोनमध्ये फरक पडतो.

तुमचा हातही आडवा येतो

हातात पाण्याचं प्रमाण भरपूर, तो लहरी शोषतो आणि अँटेनाचं ट्युनिंगही बिघडवतो. २०१० साली आयफोन ४ ची स्टीलची कडाच अँटेना होती. डाव्या बाजूच्या खालच्या फटीवर हात आला की सिग्नल घसरायचा. शेवटी ॲपलने ग्राहकांना मोफत कव्हर दिली.

काड्या नाही, आकडा बघा

किती सिग्नलला किती काड्या, हे सगळ्या फोनमध्ये सारखं नसतं. सेटिंग्जमध्ये 'अबाऊट फोन' आणि मग 'सिम स्टेटस' उघडा (काही फोनमध्ये नाव वेगळं असतं). तिथे डीबीएममध्ये आकडा दिसेल. उणे ८० चांगला, उणे ११० कमजोर. दोघांत तब्बल हजारपट फरक आहे!

मग करायचं काय?

- मेटलचं कव्हर काढून बघा.
- फोन आडवा, दोन्ही हातांत धरला की दोन्ही टोकं झाकली जातात. बोलताना खालचा भाग मोकळा ठेवा.
- रेंज वाढवणाऱ्या स्टिकरवर पैसे घालवू नका.
- कमजोर रेंजमध्ये फोन जास्त ताकद लावतो, बॅटरी लवकर उतरते. घाटात, जंगलात जाताना चार्ज करून निघा.

आणि एक लक्षात ठेवा. रात्री शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये कुणाला साप चावला आणि १०८ लागत नसेल, तर आतच डायल करत बसू नका. टिनाचा पत्रा लहरी अडवतो. बाहेर, उंच बांधावर या. तरीही रेंज नसेल तर ११२ लावा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडूनही हा कॉल लागू शकतो.