डीपीपासून शेवटच्या मोटरीपर्यंत

मंगरूळपीर तालुक्यात हरभऱ्या-गव्हाचं विहिरीवरचं ओलीत विजेच्या भरवशावर चालतं. व्होल्टेज पडून मोटर जळाली की बोट तारेवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांकडे जातं. मला मात्र मूळ दोष लाइन ओढण्याच्या जुन्या पद्धतीत दिसतो. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, १९६९ मध्ये केंद्राचं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आलं आणि किती पंप जोडले, हेच यशाचं माप ठरलं. थोड्या पैशात जास्त जोडण्या द्यायच्या तर एक मोठी डीपी, म्हणजे रोहित्र, बसवून तिथून ४४० व्होल्टची तार शेताशेतांतून लांब न्यायची, हाच स्वस्त मार्ग होता. त्या काळी तो योग्यही होता, कारण एका तारेवर मोटरी मोजक्याच होत्या.

पुढे मोटरी वाढल्या, तार तीच राहिली. हिशेबाच्या सोयीसाठी एकच फेज धरू: डीपीवर २४० व्होल्ट, तारेचा रोध १ ओहम, प्रत्येक मोटरीचा २४. तार एकसरीत येते, मोटरी समांतर. एक मोटर चालू असताना एकूण रोध २५ आणि मोटरीला २३० व्होल्ट मिळतात. सहा मोटरी एकदम लागल्या की त्यांचा मिळून रोध २४ भागिले ६, म्हणजे ४ ओहम; तारेसह ५. आता मोटरींच्या वाट्याला १९२ व्होल्टच उरतात, ४८ तारच खाते. सहाही जोडण्या अधिकृत असल्या तरी हे घडणारच. मोटर म्हणजे नुसता रोध नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण भाराखालची मोटर व्होल्टेज पडल्यावर उलट जास्त करंट ओढते, म्हणजे प्रत्यक्षातलं दुखणं या हिशेबापेक्षा मोठं. आकडा हीही एक समांतर शाखाच, तो भर घालतो हे खरं. ऑटोस्विचमुळे वीज येताच सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, हेही खरं. पण वीज ठरावीक तासच येणार असेल, तर रात्री-बेरात्री विहिरीवर जाणं टाळणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

२०१८ च्या उच्चदाब वितरण योजनेत ११ हजार व्होल्टची तार बांधापर्यंत नेऊन एक-दोन पंपांना स्वतंत्र छोटी डीपी देण्याचं ठरलं. तेवढ्याच शक्तीला ४४० च्या तुलनेत करंट २५ पट कमी लागतो. तारेचा रोध तेवढाच असेल तर तिच्यातली गळती ६२५ पट घटते. आकड्यांना आळा बसतो हा फायदा जास्त सांगितला गेला, खरा फायदा गळती घटण्याचा आहे. मात्र ती योजना प्रामुख्याने प्रलंबित जोडण्यांसाठी होती. जुन्या डीपींवर आकडे शोधायला पथकं पाठवण्याआधी तिथल्या तारेची लांबी आणि जाडी मोजायला हवी.