सोलापुरात बसून समुद्राचा प्रकल्प?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी विषय निवडताना सोलापूरचे विद्यार्थी समुद्रविज्ञान पहिल्याच फटक्यात खोडून टाकतात. समुद्र लांब, जहाज नाही. पण खोडण्याआधी हिंदी महासागराच्या संशोधनाचा थोडा इतिहास बघा.

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजं त्यात उतरली होती, आपल्या नौदलाचं 'किस्तना'सुद्धा. भारताचं काम एन. के. पणिक्कर बघत होते. मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ ला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली. तीच आज गोव्यात दोना पावलाला आहे. मोहिमेत जमलेल्या मोजमापांचा मोठा नकाशासंग्रह क्लाउस वूर्टकी यांनी हवाई विद्यापीठात तयार केला, १९७१ मध्ये.

खरी गंमत पुढे आहे. १९७३ मध्ये वूर्टकींनी दाखवलं, की दोन मोसमी वाऱ्यांच्या मधल्या काळात, म्हणजे वर्षातून दोनदा, विषुववृत्तावर पूर्वेकडे जाणारा अरुंद, वेगवान प्रवाह तयार होतो. त्यासाठी त्यांनी मुख्यतः वापरल्या त्या जहाजांच्या जुन्या नोंदी. वेग आणि दिशेवरून जहाज कुठे असायला हवं याचा कप्तान हिशेब करायचा. सूर्य-तारे बघून ते खरंच कुठे आहे ते ठरवायचा. दोन्हींतला फरक म्हणजे साधारणपणे प्रवाह. कप्तानांना तो मार्ग चुकू नये म्हणून हवा होता. वूर्टकींनी त्याच आकड्यांना वेगळा प्रश्न विचारला.

प्रकल्पातलं 'स्वतंत्र' म्हणजे माझ्या मते हेच. मोजमाप दुसऱ्याचं चालतं, प्रश्न मात्र तुमचा हवा. आणि आकडा जन्माला कसा आला ते माहीत हवं: जहाजाला वारासुद्धा ढकलतो, म्हणून त्या फरकात थोडा वाराही मिसळलेला असतो. तोंडी परीक्षेत नेमकं इथेच पकडतात बरं का!

आज तर आर्गो तरंगक आहेत. साधारण दर १० दिवसांनी ते २००० मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात. हा डेटा फुकट आहे. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस संस्था तो देते. अरबी समुद्रातला एक चौकोन निवडा, तिथले मे आणि जुलैचे तापमानाचे आलेख शेजारी ठेवा. पावसाळी वाऱ्यांनी वरचा थर किती खोलपर्यंत घुसळला, हा एकच प्रश्न सहा महिन्यांना पुरतो. मार्गदर्शकांकडे जाताना विषयाचं नाव नको, हे दोन आलेख घेऊन जा.