आधी प्रिंटर, मग नेटवर्क

"नेट नाही, प्रिंट निघणार नाही." गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली, भामरागड, सिरोंचाकडच्या लहान कार्यालयांत हे नेहमी ऐकू येतं. दाखला ऑनलाइन पोर्टलवरचा असेल, तर नेट लागतंच. पण तिथल्याच संगणकावर टाइप केलेलं पत्र त्याच खोलीतल्या प्रिंटरवर काढायला इंटरनेटची काही गरज नाही. ती कधीच नव्हती, हे नेटवर्क प्रिंटरच्या कुळातच दिसतं.

झेरॉक्स कंपनीचे अभियंते गॅरी स्टार्कवेदर यांची लेझरने छापण्याची कल्पना न्यूयॉर्क राज्यातल्या त्यांच्या वरिष्ठांना पटली नव्हती. 1971 मध्ये ते कंपनीच्याच कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो संशोधन केंद्रात गेले आणि झेरॉक्सच्या कॉपी यंत्राला लेझर जोडून त्यांनी प्रिंटर उभा केला. पुढे तिथे सेकंदाला एक पान आणि इंचाला 500 ठिपके हा पल्ला गाठला गेला. एवढं महागडं यंत्र प्रत्येक टेबलावर कसं ठेवणार? त्याच केंद्रात आल्टो नावाचे वैयक्तिक संगणक तयार होत होते. ते सगळे एकमेकांना आणि या एका प्रिंटरला जोडायचं काम रॉबर्ट मेटकाफ यांच्याकडे आलं. 22 मे 1973 च्या त्यांच्या टिपणात 'इथरनेट' हे नाव आहे. आज राऊटरमध्ये खोचतो ती लॅनची वायर त्याच घराण्यातली. म्हणजे नेटवर्कची गरज निर्माण करण्यात प्रिंटरचा मोठा वाटा होता. त्या काळी आजचं इंटरनेट अस्तित्वातही नव्हतं.

पुढे ही सोय बाजारातही आली. 1991 मध्ये एचपीने नेटवर्क कार्ड बसवता येईल असा लेझर प्रिंटर काढला. त्या घराण्याचा 9100 हा पोर्ट क्रमांक इतर कंपन्यांचे प्रिंटरही आज वापरतात.

आता आपल्याकडचं. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 रोजी. इथल्या कार्यालयांत पुढे संगणक आले, तेव्हा एका संगणकाला एक प्रिंटर अशीच जोडी असे. बाकीचे फाईल घेऊन तिथे जायचे, आधी फ्लॉपी, मग पेनड्राइव्ह. नंतर प्रिंटर 'शेअर' होऊ लागला, पण तो संगणक बंद किंवा ती खोली कुलूपबंद असली की सगळ्यांचंच काम अडायचं. अनेक ठिकाणी अजून अडतं.

आणि आता मोबाइलचा हॉटस्पॉट. एका कर्मचाऱ्याच्या फोनवर संगणकही चालतो आणि प्रिंटरही. तो फोन दौऱ्यावर गेला की दोघांमधला दुवाच तुटतो. गेलेलं असतं कार्यालयातलं नेटवर्क, दोष मिळतो इंटरनेटला. लहानसा राऊटर कायम कार्यालयात ठेवावा, सिम नसलं तरी चालेल. प्रिंटर आणि संगणक त्याला वायरने जोडावेत. नेट मोबाइलवरून वायफायने घ्यायचं असेल, तर संगणकाच्या वायरवरच्या जोडणीत आयपी पत्ता हाताने भरावा आणि गेटवेची जागा रिकामी सोडावी, म्हणजे दोन्ही सुखाने चालतात.

'प्रिंटर ऑफलाइन' या दुखण्याचं एक नेहमीचं मूळ पत्त्यात असतं. लाइन जाऊन आली की राऊटर प्रिंटरला नवा आयपी पत्ता देऊ शकतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या नावे राखून ठेवला की हा त्रास संपतो.

कागदाचंही सांगायला हवं, कारण त्याचं कूळ इथलंच आहे. बल्लारपूरच्या पेपर मिलची कंपनी 1945 मधली, आणि या जंगलांतला बांबू तिथे कागद होण्यासाठी गेला. इथल्या पावसाळ्यात उघडी रीम ओल धरते आणि प्रिंटरमध्ये अडकते. ती बांधून ठेवा.

राऊटर इन्व्हर्टरवर घ्या, प्रिंटरचा पत्ता भिंतीवर ठळक लिहा, आणि नेट नसलं तरी आधी प्रिंट देऊन पाहा. लांबून आलेल्या माणसाची एक खेप वाचेल.