तहान आणि वारा

समोरून येणारा वारा हा सायकलस्वाराचा जुना वैरी, आणि तहान ही त्याची तितकीच जुनी सोबतीण. या दोघांची गांठ पडते ती स्वाराच्या पाण्याच्या बाटलीपाशीं. ही लहानशी वस्तु सायकलीवर कोठें ठेवावी, एवढाच काय तो प्रश्न. परंतु त्यानें संशोधक आणि पंच या दोघांनाहि बरेंच श्रमविलें.

इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोळक्यानें धांवणाऱ्या रस्त्यांवरील शर्यतींवर पोलिसांची वक्रदृष्टि वळली. तेव्हां १८९५ सालीं नॉर्थ रोड क्लबाच्या एफ्. टी. बिडलेक यांनीं निराळी तोड काढली. स्वारांनीं ठराविक अंतरानें एकेकट्यानें निघावें आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल त्यानें जिंकावें. हीच ‘टाइम ट्रायल’, म्हणजे घड्याळाशीं लावलेली शर्यत. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’मध्यें वैयक्तिक स्वरूपांत ती १९३४ सालीं आली. या शर्यतींत दुसऱ्याच्या पाठीमागें आडोसा घेण्याची सोय नसते. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो तोडण्यास लागणारी शक्ति आठपट. ताशीं पन्नास किलोमीटरांच्या वेगानें जाणाऱ्या स्वाराचे जवळजवळ नऊ दशांश श्रम केवळ हवा बाजूला सारण्यांत खर्च होतात.

पहिल्या पिढ्यांना मात्र वाऱ्यापेक्षां तहानेचें भय अधिक होतें. १९०३ च्या पहिल्या ‘टूर’चा पॅरिस ते लिऑं हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरांचा होता. दोन महायुद्धांमधील काळांत बुचाच्या धातूच्या बाटल्या हॅंडलाच्या पुढेंच बसविलेल्या असत. हाताला त्या सोयीच्या, पण वाऱ्याला प्रथम सामोऱ्या जाणाऱ्या त्याच. पुढें त्या खालीं, सायकलीच्या सांगाड्याच्या तिरप्या नळीवर, उतरल्या.

१९८० च्या सुमारास वाऱ्याचा हिशेब नव्यानें सुरू झाला. जपानच्या शिमानो कंपनीनें वारा कापणाऱ्या भागांबरोबर चपटी बाटलीहि काढली. १९८९ च्या ‘टूर’च्या अखेरच्या दिवशीं, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतच्या २४.५ किलोमीटरांच्या टाइम ट्रायलमध्यें, अमेरिकेचे ग्रेग लेमाँड यांनीं फ्रान्सच्या लोरां फिन्यों यांची पन्नास सेकंदांची आघाडी मोडून काढली. सुमारें सव्वातीन हजार किलोमीटरांच्या शर्यतीचा निकाल आठ सेकंदांनीं लागला. लेमाँड यांनीं हात पुढें टेकण्याचें नवें हॅंडल व लांबट शिरस्त्राण वापरलें होतें; फिन्यों बोडक्या डोक्यानें धांवले. सेकंदाचें मोल तेव्हां साऱ्यांच्या नजरेंत भरलें.

मग बाटलीकडेहि लक्ष गेलें. पाणी पिण्यासाठीं हात सोडावा, मान वर करावी, तों सारी बांधेसूद बैठक मोडते. म्हणून ट्रायथलॉनच्या स्पर्धकांनीं दोन्ही हातांच्या मधोमध बाटली ठेवून तिची नळी तोंडापाशीं आणली. त्याच सुमारास टेक्सासच्या उन्हांत शंभर मैलांच्या सायकलफेरीसाठीं मायकेल आयडसन या रुग्णवाहिकेवरील सेवकानें सलाइनची पिशवी पाण्यानें भरली, पायमोज्यांत घातली आणि सदऱ्याच्या पाठीशीं बसविली. खांद्यावरून घेतलेल्या नळीचें तोंड कपड्यांच्या चिमट्यानें बंद केलें. तहानेची ही युक्ति टाइम ट्रायलच्या स्वारांनीं उचलली. पण घट्ट पोशाखाखालीं फुगलेली ती पिशवी शिरस्त्राणामागची पोकळीहि भरून काढी.

येथेंच संशयाला जागा झाली. हें पाणी, कीं वाऱ्याला फसविणारें कुबड? अर्ध्या तासाच्या शर्यतींत पाण्याची गरज ती किती! तरीहि कांहीं सायकलींवर बाटली असतां वारा कमी अडतो, असें चांचणींत आढळलें. मग ती भरलेली असो वा रिकामी. आंतरराष्ट्रीय सायकल संघानें १९१४ सालींच हवेचा विरोध कमी करणाऱ्या आच्छादनांना मनाई केली होती, आणि १९३४ सालीं उताणें पडून चालविण्याची सायकलहि शर्यतींतून बाद ठरविली होती. त्याच परंपरेनें चालू शतकाच्या दुसऱ्या दशकांत बाटलीवर नियम आले. ती सांगाड्याच्या आंत असावी, तिची जाडी ४ सेंटिमीटरांहून कमी व १० हून अधिक नसावी, तींत ४०० ते ८०० मिलिलिटर पाणी मावावें. अंगावरची पिशवी मऊ असावी व अर्ध्या लिटराहून मोठी नसावी.

स्वारानें बाटली तहानेसाठीं घेतली कीं वाऱ्यासाठीं, हें त्याचें त्यालाच ठाऊक. पंचाच्या हातीं मोजपट्टीच काय ती होती. म्हणून त्यानें हेतूचा शोध सोडून बाटलीची जाडी मोजली. आणि पाण्यानें पाणीच राहावें, यासाठीं तेवढें पुरें मानलें.