सांडपाण्यातील विजेची कुळकथा

इंग्लंडातील डरहॅम विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करणारे मायकेल क्रेसे पॉटर यांनी १९११ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात यीस्ट आणि जंतू यांच्या द्रवात प्लॅटिनमचे विद्युदग्र ठेवले असता सेंद्रिय द्रव्याच्या विघटनाबरोबर विजेचा अल्प दाब उत्पन्न होतो, असे त्यांनी सप्रमाण दाखविले. १९३१ साली अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी अशी अनेक पात्रे जोडून ३५ व्होल्टांवर मजल नेली. प्रवाह मात्र २ मिलिअँपिअरच राहिला.

या क्षीणतेचे कारण जंतूंच्या श्वसनात आहे. सेंद्रिय द्रव्याच्या भक्षणातून सुटणारे इलेक्ट्रॉन ते एरवी प्राणवायूच्या हवाली करतात. तो वगळून तेथे कार्बनचा विद्युदग्र ठेवला, तर तेच इलेक्ट्रॉन तारेच्या वाटेने दुसऱ्या अग्राकडे जाऊन तेथे प्राणवायूशी संयोग पावतात. परंतु जंतूच्या आवरणाबाहेर ते काढावेत कसे? लंडनच्या किंग्ज कॉलेजात पीटर बेनेटो यांनी १९८० नंतरच्या दशकात थायोनीनसारखी रंगद्रव्ये मध्यस्थ म्हणून योजली. पण वाहत्या पाण्याबरोबर ती निघून जाणार, सबब शहराच्या सांडपाण्याला ही तजवीज लागू पडण्याजोगी नव्हती.

या कुळाचे खरे मूळपुरुष, माझ्या मते, गाळात नांदत होते. पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना सापडलेला जिओबॅक्टर आणि ओनायडा सरोवरात केनेथ नील्सन यांना गवसलेला श्युवॅनेला हे जंतू, प्राणवायूच्या अभावी, लोह व मँगनीज यांच्या खनिजांना इलेक्ट्रॉन देऊन जगतात. आणि जो खनिजाला देतो तो विद्युदग्रालाही देऊ शकेल, हे कोरियातील ब्युंग होंग किम यांनी १९९९ साली श्युवॅनेलाच्याच एका जातीवर, मध्यस्थावाचून, सिद्ध केले. किती युगांची ही विद्या, आणि ती आपल्या पायाखालच्या चिखलात!

२००४ साली पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात ब्रूस लोगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती सांडपाणीच इंधन म्हणून वापरले, तेव्हा विद्युदग्राच्या दर चौरस मीटरमागे फार तर २६ मिलिवॉट वीज मिळाली, परंतु सेंद्रिय मळापैकी ८० टक्क्यांपर्यंत भाग नाहीसा झाला. या दुसऱ्या आकड्याचे मोल मला अधिक वाटते. कारण १९१४ साली मँचेस्टरात सिद्ध होऊन जगभर पसरलेल्या सक्रियित गाळाच्या पद्धतीत पाण्यात अहोरात्र हवा फुंकावी लागते व सांडपाणी-शुद्धीकरण केंद्राच्या विजेचा मोठा हिस्सा त्यातच खर्ची पडतो, तर लोगन यांच्या पात्रात दुसऱ्या विद्युदग्राला बाहेरची हवा आपसूक लागत होती.