घरातलाच निरोप्या

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला आणि निरोगी कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली. कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो, हा १९११ सालचा निष्कर्ष फारसा कुणाला पटला नाही. राउस यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७व्या वर्षी.

विषाणूतल्या दोषी जनुकाला पुढे ‘सार्क’ हे नाव पडले. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोत बिशप, व्हार्मस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, तो मुळात विषाणूचा नव्हेच. निरोगी कोंबडीच्या पेशीतून उचललेला आहे. माणसातही तो आहेच.

हा जनुक जे एन्झाइम घडवतो, त्याचे काम निरोप्याचे : इतर प्रथिनांतील टायरोसीनवर फॉस्फेट बसवायचे. अशी क्रिया होते हे सॉल्क इन्स्टिट्यूटमधील टोनी हंटर यांना १९७९ साली उमगले, तेही द्रावण शिळे होऊन आम्लता वाढल्याने. एरवी टायरोसीन आणि थ्रिओनीनचे ठिपके एकमेकांत मिसळून जात.

आपल्या सार्कला शेपटी असते. ती आत मुडपली की एन्झाइम थांबते. विषाणूच्या सार्कला ती शेपटी उरलेलीच नाही. ‘वाढ’ हा निरोप थांबत नाही.

मग औषधांचा शोधही घरातल्या निरोप्याला आवरण्याकडे वळला. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब सार्कच्याच जातीच्या दुसऱ्या एका एन्झाइमला अडवते. त्यामुळे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण आज वर्षानुवर्षे जगतात.