गोवामुक्तीनंतर पोर्तुगीज युद्धकैद्यांचं काय झालं? भारताच्या छावणीतून सुटले आणि लिस्बनमध्ये पुन्हा पहाऱ्यात अडकले

१९ डिसेंबर १९६१ च्या रात्री गव्हर्नर जनरल मॅन्युएल वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली आणि गोव्यातली साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. 'ऑपरेशन विजय'ची गोष्ट शाळेत बहुतेक इथेच थांबते. पण त्या रात्री साडेचार हजारांहून जास्त माणसं भारताच्या ताब्यात आली. त्यात पोर्तुगीज सैनिक होते, आफ्रिकी शिपाई होते, गोमंतकीय आणि काही नागरी कर्मचारीही होते. त्यांचं काय झालं?

त्यासाठी पाच दिवस मागे जावं लागतं. १४ डिसेंबरला पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी गव्हर्नरांना संदेश पाठवला. त्याचा आशय असा, की तह नाही, शरणागती नाही, आमचे सैनिक एकतर जिंकतील किंवा मरतील. गोव्यात तेव्हा साधारण ३,३०० सैनिक होते आणि लढाऊ विमान एकही नव्हतं. वासालो यांनी हा हुकूम मानला नाही. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासच्या आसपास लोक मेले. हुकूम पाळला गेला असता, तर हा आकडा कुठे गेला असता याचा अंदाज करता येतो.

छावण्यांमध्ये काय घडलं?

कैद्यांना फोंडा, नावेली, आग्वाद आणि वास्कोजवळच्या अल्पार्केरोस इथे ठेवलं होतं. यातल्या आग्वादच्या तुरुंगात काही वर्षांपूर्वीपर्यंत पोर्तुगीज सरकार गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांना डांबत असे.

सगळ्यात गंभीर प्रसंग मार्च १९६२ मध्ये फोंड्यात घडला. काही कैद्यांनी कचऱ्याच्या ट्रकमधून पळण्याचा प्रयत्न केला आणि ते पकडले गेले. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांना थेट मृत्युदंडाची धमकी देण्यात आली. फेरेरा दा सिल्वा हे जेझुइट लष्करी धर्मगुरू मध्ये पडले, म्हणून प्रकरण निवळलं. मात्र कॅप्टन कार्लुश आझेरेदो यांना बंदुकीच्या दस्त्यांनी बेशुद्ध होईपर्यंत मारहाण झाली. छावणीतल्या भारतीय अधिकाऱ्याला आपण 'खड्ड्यात जा' म्हणालो, त्याचा हा राग होता, असं पुढे जनरल झालेल्या आझेरेदो यांनी सांगितलं आहे. त्यांच्याच सांगण्यानुसार भारतीय लष्कराने त्या अधिकाऱ्याला शिक्षाही केली.

इथे नियम अगदी स्पष्ट आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार पळण्याचा फसलेला प्रयत्न हा शिस्तभंग असतो, फाशीचा गुन्हा नाही. भारत आणि पोर्तुगाल दोघांनीही हा करार स्वीकारला होता. म्हणजे मारहाण हे उल्लंघनच होतं, आणि 'आपल्या' बाजूने झालं म्हणून ते छोटं ठरत नाही. फरक इतकाच, की त्याची दखल घेतली गेली.

सुटकेला पाच महिने का लागले?

लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब परत पाठवावं, असं हाच करार सांगतो. पण विमानं कोणाची वापरायची, इथून वाद सुरू झाला. दरम्यान पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीयांना नजरकैदेत टाकलं. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे तर आधीपासूनच पोर्तुगालच्या तुरुंगात होते. १९५५ मध्ये पकडलेल्या मूळच्या सांगलीच्या या शिक्षकाला २६ वर्षांची शिक्षा झाली होती. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी मोठी खटपट केली. अखेर जानेवारी १९६९ मध्ये रानडे बाहेर आले.

युद्धकैदी मात्र मे १९६२ मध्ये विमानाने कराचीला आणि तिथून जहाजांनी पोर्तुगालला गेले.

वृत्तपत्रं काय सांगत होती?

सालाझारच्या राज्यात छापण्याआधी प्रत्येक बातमी सेन्सॉरच्या निळ्या पेन्सिलीखालून जायची. त्यामुळे लिस्बनच्या वाचकांना गोव्यात घनघोर प्रतिकार सुरू असल्याच्या बातम्या मिळाल्या. भारतीय वृत्तपत्रंही अगदी कोरडी नव्हती. कारवाईपूर्वी पोर्तुगालने मोठी कुमक आणल्याच्या बातम्या इथे झळकत होत्या. पण इथे सरकारला प्रश्न विचारणारी संसद होती. तिकडे पेन्सिल होती.

छापील शौर्यकथा आणि जिवंत परतलेले हजारो सैनिक यांचा मेळ बसेना. लिस्बनच्या बंदरात उतरताच लष्करी पोलिसांनी बंदुका रोखून त्यांना ताब्यात घेतलं. घरच्यांना लगेच भेटूही दिलं नाही.

हिशोब कोणाकडून मागितला गेला?

लढायला विमान न देणाऱ्या सरकारकडून नाहीच. मार्च १९६३ मध्ये वासालो यांच्यासह अनेक अधिकाऱ्यांवर भ्याडपणाचा ठपका ठेवून कारवाई झाली आणि वासालो यांना सैन्यातून काढून टाकलं. एप्रिल १९७४ च्या क्रांतीत ती राजवट कोसळली. त्यानंतर त्यांना पद परत मिळालं आणि सेन्सॉरशिपही गेली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पुढे वासालो गोव्यात येऊन गेले, तेव्हा गोवेकरांनी त्यांचं आपुलकीने स्वागत केलं.